डिझेलच्या टाकीत युरिया

आमचा पाण्याचा टँकर आहे. शीळ रस्त्यावर भरायचा आणि दिवा गावातल्या इमारतींना नेऊन रिकामा करायचा, हा धंदा. उन्हाळ्यात दिवसाला पाच-पाच खेपा होतात. गाडी माझे यजमान चालवायचे आणि डोंबिवलीच्या घरी बसून फोन मी घ्यायचे: कुणाच्या टाकीत किती बोटं पाणी उरलंय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाला आधी हवं.

गाडीच्या बाबतीत हे फार काटेकोर. वीस-बावीस वर्षं ट्रक चालवलेले, तेव्हा कुणा उस्तादाने शिकवलेलं सगळं पाळायचे. पंपावर डिझेलचा टँकर खाली होत असेल तर तिथे भरायचं नाही, कारण तळाचा गाळ ढवळलेला असतो. रस्त्याकडेला कॅनमधून स्वस्तात मिळणारं तर कधीच नाही. नोझल लागण्याआधी खाली उतरून उभं राहायचं, मीटरकडे बघायचं, आणि झाकण उघडल्यावर वाकून टाकीचा वास घ्यायचा. मला ते थोडं विचित्र वाटायचं. हे म्हणायचे, डोळ्याला जे दिसत नाही ते नाकाला कळतं.

जुन्या गाडीला एकच टाकी होती. नवी घेतली तिला दोन. मोठी डिझेलची, आणि तिला लागूनच छोटी, युरियाच्या पाण्याची. हे पाणी इंजिनात जात नाही. धूर बाहेर पडतो त्या वाटेवर ते फवारलं जातं, म्हणजे धुरातलं विष कमी होतं. गाडी देताना शोरूमवाल्याने दोनदा बजावलं होतं की याचं त्यात जाऊ देऊ नका. छोट्या टाकीचं झाकण निळं होतं, त्यामुळे चुकायचा प्रश्न नव्हता. पण एके दिवशी ते निळं झाकण कुणीतरी काढून नेलं, आणि यांनी मिळेल ते काळं आणून बसवलं. दोन्ही झाकणं काळी झाली.

मीच म्हटलं, निदान टाक्यांवर रंगाने लिहून ठेवा. यांनी पांढऱ्या ऑइलपेंटचा छोटा डबा आणला, ब्रश आणला आणि इमारतीखाली उकिडवे बसून लिहिलं. मोठ्या टाकीवर ‘इथे फक्त डिझेल’. छोटीवर ‘युरियाचे पाणी’. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा लिहून झालं होतं. पहिला ‘इ’ तळहाताएवढा होता आणि शेवटचा ‘ल’ शेंगदाण्याएवढा. मी हसले आणि म्हटलं, जागा संपली वाटतं. हे ब्रश पुसत राहिले. जागा संपली नव्हती. त्या ‘ल’च्या पुढे हातभर पत्रा मोकळा होता. तो मला दिसला होता, पण मी त्याचा विचार केला नाही.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. मी गच्चीवर पापड वाळत घालून खाली आले आणि दार उघडताच गॅसचा भपकारा आला. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं होतं. हे स्वयंपाकघरापासून चार पावलांवर खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. यांच्यासमोर स्टुलावर काडेपेटी होती, कारण देवापुढे दिवा लावायचा राहिला होता. हे म्हणाले, लक्षच गेलं नाही. मी चिडले. रात्रभर मला ती काडेपेटी दिसत होती.

त्यानंतर हे मला पंपावर सोबत न्यायला लागले. टाकीचं झाकण उघडलं की मला म्हणायचे, “बघ गं, वास कसा येतोय ते.” मी वाकायचे आणि सांगायचे, डिझेलसारखाच येतोय. मग हे मान हलवायचे. मला वाटायचं, मला शिकवतायत. थोडा अभिमानही वाटायचा.

मे महिन्यात टँकरचा मागचा कॉक गळायला लागला. वागळे इस्टेटमध्ये एक मेकॅनिक आहे, आमची सगळी कामं तोच करतो. सकाळची दिव्याची खेप टाकून आम्ही दोघं रिकामी गाडी घेऊन ठाण्याला निघालो. मला बँकेत काम होतं म्हणून मी बरोबर. गॅरेज दोन गल्ल्यांवर राहिलं असेल, तेव्हा समोर डॅशबोर्डवर युरिया संपत आल्याचा दिवा लागला. यांनी एका बंद कारखान्याच्या भिंतीलगत सावली बघून गाडी उभी केली, सीटमागची युरियाच्या पाण्याची बादली आणि नरसाळं काढलं आणि खाली उतरले. मी फोनवर होते. दिव्याच्या एका इमारतीतल्या बाई विचारत होत्या, दुपारची गाडी नक्की येतेय ना, ड्रम कोरडे आहेत. मी म्हटलं, येतेय.

हे वर आले, नरसाळं माझ्या पायाशी ठेवलं आणि दार ओढून घेतलं. चावीला हात घातला. तेवढ्यात मला वास आला.

युरियाच्या पाण्याला फारसा वास नसतो. उग्र झालंच तर गोठ्यासारखा थोडासा. हा वास डिझेलचा होता, आणि तो नरसाळ्यातून येत होता.

मी म्हटलं, “नरसाळ्याला डिझेलचा वास येतोय.”

“कसला वास?” यांनी विचारलं. खरंच विचारलं. तोंडावर काहीच नव्हतं, माणूस न ऐकू आलेलं पुन्हा विचारतो तसं.

“चावी फिरवू नका. बाहेर काढा ती.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मग चावी काढून माझ्या हातात दिली. त्यांचा हात ओला होता, आणि त्यालाही तोच वास होता.

आम्ही खाली उतरलो. मोठ्या टाकीचं तोंड ओलं होतं, पत्र्यावरून ओघळ आलेला. छोटीचं झाकण जसंच्या तसं, धुळीने माखलेलं. अर्ध्याहून जास्त बादली डिझेलमध्ये गेली होती. हे भिंतीला टेकून उभे राहिले. समोर कुठेतरी कारखान्याचा भोंगा झाला, कामगार जेवायला बाहेर पडायला लागले. एक-दोघांनी आमच्याकडे बघितलं आणि पुढे गेले.

“मला वास येत नाही,” हे म्हणाले.

कधीपासून, विचारल्यावर म्हणाले की गेल्या गणपतीच्या आधीपासून. उदबत्तीचा येईना तेव्हा कळलं. सर्दी असेल म्हणून थांबले, मग सांगायचं राहून गेलं, मग गॅसच्या दिवसानंतर सांगायची भीती वाटायला लागली. मी गाडीवरून उतरवीन अशी भीती. पंपावर मला शिकवत नव्हते. माझं नाक वापरत होते.

मेकॅनिक ड्रम आणि पाइप घेऊन चालत आला, कारण गाडी तिथवर नेणं शक्यच नव्हतं. त्याने आधी बॅटरीची वायर काढली. मग टाकीच्या तळाचं थोडं एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीत घेऊन मला दाखवलं. वर पिवळसर डिझेल, खाली गढूळ थर. तो थर खालीच बसतो, म्हणाला, आणि इंजिन चालू झालं की पहिला तोच ओढला जातो. पुढे पंप, इंजेक्टर, नळ्या, सगळीकडे मिठासारखे खडे धरतात. चावी फिरली असती तर गाडी दोन-तीन महिने तरी उभी राहिली असती. आता टाकी रिकामी करून, धुऊन, फिल्टर बदलून भागेल.

त्याचं काम चालू असताना दिव्याच्या बाईंचा पुन्हा फोन आला. आज पाणी येणार नाही, असं मी सांगितलं.  त्यांनी उद्याचं विचारलं.

टाकी धुताना मेकॅनिकने बाहेरचा पत्राही फडक्याने पुसला. धूळ गेली आणि यांचं अक्षर वर आलं. तो पुसायचा थांबला.

“हे कोणी लिहिलं?”

यांनीच, मी म्हटलं.

त्याने यांच्याकडे बघितलं. हे जरा लांब कट्ट्यावर बसले होते. मग तो मला गाडीच्या पलीकडे घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, “वहिनी, माझ्या वडिलांचं अक्षर असंच बारीक होत गेलेलं. सहीपण. आम्ही म्हणायचो चष्मा बदला. दोन वर्षांनी हात थरथरायला लागला. दादांना मेंदूच्या डॉक्टरकडे दाखवा.”

मला त्याचा राग आला. कॉक दुरुस्त करायला आलो होतो आणि हा काय बोलत होता. मी म्हटलं, यांचा हात काही थरथरत नाही. तो म्हणाला, नाही थरथरत, मी बघतोय. आणि परत कामाला लागला.

संध्याकाळी हेच गाडी चालवत घरी आणायला निघाले. मी नको म्हणू शकले नाही. कळव्याची गर्दी, मुंब्र्याचा चढ, सगळा वेळ मी यांच्या हातांकडे बघत होते. डावा गिअर नीट टाकत होता. उजवा स्टिअरिंगवर ठेवलेला होता, नुसता ठेवलेला. इतकी वर्षं शेजारी बसून मी ते हात कधी बघितलेच नव्हते.

शेवटी गेलो त्या मेंदूच्या डॉक्टरांनी यांना व्हरांड्यातून चालायला लावलं, कागदावर एक गोल गोल रेघ काढायला सांगितली, बोटं उघडमीट करायला लावली. मग वासाचं विचारलं. मी सांगायच्या आधी यांनीच सगळं सांगून टाकलं, गॅससकट. कंपवाताची सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाले. थरथर यायच्या कितीतरी आधी काही जणांचा वास जातो. गोळ्यांनी बरीच वर्षं चांगलं चालतं. यांनी एकच प्रश्न विचारला, गाडीचा. डॉक्टरांनी मान हलवली. अवजड गाडी नाही.

खाली उतरताना हे जिन्यावर थांबले आणि म्हणाले, “त्या दिवशी तू नसतीस तर मी चावी फिरवली असती. आणि एखाद्या दिवशी ब्रेकच्या ऐवजी दुसरंच काही दाबलं असतं.” मग कठडा धरून उतरायला लागले.

आता टँकरवर दुसरा ड्रायव्हर आहे. हे घरी असतात, गोळ्या वेळेवर घेतात, भाजी आणायला जातात. भेटणारे म्हणतात, यांना काय झालंय, ठणठणीत तर आहेत. मीही तेच म्हणते.

गेल्या आठवड्यात बाजारातून येताना आमच्या इमारतीच्या दारात हे एकदम थांबले. उंबऱ्याला पाय लागला नव्हता, समोर कुणी नव्हतं. दोन्ही हातांत पिशव्या, आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मागून येणारे आम्हाला वळसा घालून आत गेले. मी हात पुढे केला.

“धरू नको,” हे म्हणाले. “येईल पाऊल.”

आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग उजवं पाऊल उचललं गेलं, आणि आम्ही आत गेलो.