ड्रायव्हरच्या निरोपाला चार जुने फटाके

"साहेब, डब्याची किल्ली द्या जी. बाबूलालची गाडी बारा वाजता येऊन राह्यली."

डोमाजी टेबलासमोर उभा होता आणि मी खिशातली किल्ली घट्ट धरून बसलो होतो. डोमाजी आमचा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाडी एका लाइनीवरून दुसरीवर घेणारा. वयानं माझ्या वडिलांएवढा. मी असिस्टंट स्टेशन मास्तर, नोकरीला सात महिने झालेला, प्रोबेशनवरचा. वर्धा जिल्ह्यातलं ते लहानसं स्टेशन होतं. बी.ए. मी बाहेरून करत होतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिलाच, त्यामुळे छापलेल्या अक्षरावर माझा जरा जास्तच विश्वास होता.

त्या डब्यात फटाके होते. दिवाळीचे नव्हे, रेल्वेचे. बुटाच्या पॉलिशच्या डबीसारखी चपटी डबी, तिला शिशाच्या दोन पट्ट्या. पट्ट्या वाकवून ती रुळावर बसवायची. चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो. धुक्यात सिग्नल दिसेनासा झाला की ड्रायव्हरला सावध करायला हे फटाके लावतात.

दुसरा एक उपयोग नियमांच्या पुस्तकात नव्हता. ड्रायव्हर रिटायर होताना त्याच्या शेवटच्या गाडीला स्टेशनवाले फटाके लावत. बाबूलाल शंटिंग गुड्सवर होता, म्हणजे स्टेशनोस्टेशनी वॅगन काढत-जोडत जाणारी मालगाडी. सगळी नोकरी त्यानं वाफेच्या इंजिनावर काढली. त्या दिवशी त्याची शेवटची फेरी.

"डोमाजी, दहाच फटाके आहेत. एकेकाचा जाब द्यावा लागतो."

"म्हाईत हाये जी. पन त्याच्या गाडीले आवाज नाई झाला तं लोक काय म्हनतीन? रिटायर झाला का काढून टाकला, असं म्हनतीन."

"आधीचे मास्तर काय करायचे?"

"ते किल्ली टेबलावर इसरून जात."

मला तसं विसरता येत नव्हतं. त्यातून ट्रॅफिक इन्स्पेक्टर पाठक साहेब त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्यातून, इन्स्पेक्शनला येणार होते. माझा प्रोबेशनचा रिपोर्ट तेच लिहिणार होते.

डोमाजी बाहेर बाकावर जाऊन बसला. पाठ मुद्दाम माझ्याकडे करून. मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी पुस्तक उघडायचो. नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि फटाक्यांचा भाग पहिल्यापासून वाचू लागलो. तिथं लिहिलं होतं की मुदत संपलेले फटाके स्टेशनात ठेवू नयेत. ते नष्ट करायच्या रीती दिल्या होत्या. त्यातली एक अशी : शंटिंगच्या वेळी, देखरेखीखाली, वॅगनच्या चाकाखाली फोडावेत.

कपाटातला डबा काढून मी उघडला. दहापैकी चार फटाक्यांची मुदत केव्हाच संपलेली.

डोमाजीला वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजे पुस्तकच सांगते का फोडा म्हून?"

"देखरेखीखाली."

"मंग करा न देखरेख. मी काऊन नाई म्हनू?"

गाडी आली. इंजिनाला झेंडूच्या माळा होत्या. पाठक साहेब उतरले, रजिस्टरं पाहू लागले. मी पुस्तक घेऊन पुढे झालो.

"सर, चार फटाके मुदतीबाहेरचे आहेत. नियमाप्रमाणे शंटिंगमध्ये नष्ट करता येतील. आज शंटिंग आहे."

त्यांनी खिडकीतून माळांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजच आठवलं?"

"आजच वाचलं, सर."

हे खरंच होतं. त्यांनी मान हलवली.

डोमाजीनं चारही फटाके सायडिंगच्या, म्हणजे बाजूच्या लाइनीच्या, रुळावर नीट बसवले. बाबूलाल कापसाच्या वॅगन ढकलत हळूहळू आला. पहिला फटाका चाकाखाली गेला आणि चपटा झाला. दुसरा फुसफुसला. तिसरा, चौथा, काही नाही. प्लॅटफॉर्मवर झोपलेल्या कुत्र्यानं डोकंही उचललं नाही. इंजिनातून वाकून पाहणारा बाबूलाल आत गेला.

"याच्याहून तं पोराच्या टिकल्या बऱ्या," डोमाजी म्हणाला आणि रुमालानं तोंड पुसत राहिला.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं : चार लावले, चारही फुटले नाहीत. सहीला साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी सही केली नाही.

"बाकीचे सहा कुठे ठेवले होते?"

"त्याच कपाटात, सर. पण ते नवीन आहेत."

"कपाट तेच ना? ओल तीच. उद्या धुक्यात तेही असेच फुसफुसले तर?"

मला अजूनही कळलं नव्हतं. डोमाजीला कळलं होतं. तो डब्याकडे निघालासुद्धा.

"तीन तपासून घ्या," साहेब म्हणाले. "सात नव्यांची मागणी आत्ताच लिही. संध्याकाळच्या गाडीनं पाठवतो."

डोमाजीनं तीन लावले, बाबूलाल पुन्हा वॅगन ढकलत आला, आणि यावेळी तिन्ही फुटले. मालधक्क्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, जिनिंगमधले हमाल बाहेर धावले. आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. डोमाजीनं हिरवी झेंडी हलवली. इंजिन हलेना. मी पळत गेलो.

"चाचा, पुढं घ्या."

"नहीं साहब. फटाका बजा तो गाड़ी खड़ी, ये नियम है. आगे क्या खतरा है, मालूम पड़े बिना मैं नहीं हिलता."

"खतरा काही नाही. आम्हीच लावले."

"तो लिख के दो."

तो माझ्याकडे पाहत नव्हता. तेलकट चिंध्यांनी तोंड पुसत होता, त्यामुळे तोंड आणखी काळं होत होतं. मी मेमो लिहून दिला, लाइन मोकळी आहे म्हणून. त्यानं तो दोनदा वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला. तोवर हमाल, गार्ड, डोमाजी सगळे इंजिनाशी जमले होते. गाडीला बारा मिनिटं उशीर झाला.

गाड्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा फोन आलाच. घडलं ते मी सगळं सांगितलं.

"मग चूक कोणाची लिहू?"

"कोणाचीच नाही, सर. सगळ्यांनी नियम पाळला."

"मास्तर, असा रकाना नाही आमच्याकडे."

पुढे मी कायम झालो. डिझेल आलं, मग वीज आली, ड्रायव्हरचे लोको पायलट झाले. धुक्यासाठी इंजिनात यंत्र बसलं. निरोपाला आता फोटो काढतात.

त्या बारा मिनिटांचा खुलासा मागणारं पत्र मात्र आलं होतं. मी तीन पानी उत्तर पाठवलं, प्रत्येक वाक्याला नियमाचा क्रमांक जोडून. पुन्हा कोणी काही विचारलं नाही. ऑफिसला खरं सांगायचं असेल तर लांबलचक सांगावं, एवढं मी त्यातून शिकलो.