लोंबतंय!

मागून दोन बोटं यायची. ती आधी तुमच्या बाहीला लागायची, मग कापड चिमटीत धरून जरासं ओढून बघायची आणि मग कानाशी एकच शब्द यायचा, "लोंबतंय."

बस, एवढंच. पण मकरपुऱ्याच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात माणसं या शब्दाला जेवढी भ्यायची तेवढी वाघालाही भ्याली नसती. वाघाच्या कमरेला कात्री नसते.

ते आमच्या मशीन शॉपचे फोरमन. गुजराती कामगार त्यांना कातरकाका म्हणत, आम्ही तीन-चार मराठी टाळकी नुसतं काका. फिरत्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर काहीही लोंबलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. सुटलेला दोरा, उसवलेली शिवण, मफलर, गळ्यातला गोफ, जे असेल ते. धागा असेल तर करकन कापत, सोनं असेल तर काढून खिशात घालायला लावत. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शॉपच्या दारात कापलेल्या गोंड्यांचा असा ढीग पडायचा की त्यात म्हैस बसली असती. बायको म्हणते मी फार वाढवून सांगतो. बरं, रेडकू बसलं असतं. पण राखी मात्र काकांनी कधी कापली नाही. फक्त गोंडा. दोरा मनगटाला नीट चापून बसवून द्यायचे आणि म्हणायचे, "बहिणीला सांग, पुढल्या वर्षी साधी आण."

त्यांचे स्वतःचे कपडे शिंप्यानं अंगावरच शिवले असावेत. बाह्या अर्ध्या आणि दंडाला चिकटलेल्या. केस इतके बारीक की डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला टोचत. लग्नातली अंगठी देवघरात. जानवं होतं, पण ते बनियनला आतून टाचलेलं! असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, जो घरातून निघताना चारदा कुलूप ओढून बघतो. काकांनी ते कुलूप शहरभरच्या कपड्यांना लावलं होतं.

माझी आणि त्या कात्रीची पहिली भेट झाली ती नव्वदच्या सुमारास. तेव्हा घरोघरी केबल येऊ लागलं होतं, आणि आज टीव्हीतल्या हीरोनं घातलेला शर्ट पंधरवड्यात मंगळबाजारात टांगलेला दिसे. सगळं सैल. एका पँटीत दोन माणसं आणि एक सायकल मावेल अशी तऱ्हा. संध्याकाळी अकोट्याला मुलगी बघायला जायचं होतं, म्हणून मी मोरपंखी रंगाचा, फुग्याच्या बाह्यांचा नवाकोरा शर्ट घालून थेट कामावर आलो. लेथ सुरू करायला हात पुढे केला आणि मागून दोन बोटं आली.

"काका, आज नको! आज मुलगी बघायला जायचंय."

"ती तुझा हात बघेल की बाही?"

"दोन्ही बघेल!"

"मग हात शाबूत ठेवू," काका म्हणाले, आणि कोपरापाशी करकन. मी गार. त्यांनी शांतपणे दुसऱ्या बाजूला येऊन दुसरी बाहीही तेवढ्याच मापानं कापली. "एक आखूड, एक लांब बरं दिसत नाही. मुलगी बघायला जाताना माणसानं नीटनेटकं असावं."

संध्याकाळी त्या मुलीला ती नवी फॅशन वाटली. म्हशीचं रेडकू करणारी ती हीच.

पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. कात्रीला भिऊन मी थरथरत होतो हे ठीक, पण कात्री धरलेला हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. चेहरा पांढराफटक. जणू बाही नव्हे, माझा हातच लेथच्या गरगर फिरणाऱ्या जबड्यात, चकमध्ये, जाताना त्यांनी नुकताच पाहिला होता.

कारखान्याबाहेरही त्यांची सुटका नव्हती. आम्ही दोघं कारेलीबागेत राहणारे, त्यामुळे मी कधीकधी त्यांच्या स्कूटरवर मागे बसायचो. चालवायचे इतकी सावकाश की हातगाडीवाले हॉर्न देत. एकदा पुढून लुनावर एक बाई गेली, ओढणीचं टोक मागच्या चाकाशी फडफडत होतं. काकांची स्कूटर अशी उडाली की मी दोन क्षण हवेत बसून प्रवास केला. "बेन! ओढणी! ओढणी!" काका ओरडतायत, बाई घाबरून आणखी पळवतेय, आणि मी डोळे मिटून रामरक्षा म्हणतोय. खंडेराव मार्केटपाशी भाजीवाल्यांनी आम्हाला धरलं. एक पिकलेला आणि एक कोवळा मवाली म्हणून मार बसणार तेवढ्यात काकांनी चाकाकडे बोट दाखवलं. बाईनं ओढणी कमरेला खोचली आणि सात पिढ्यांना पुरतील एवढ्या शिव्या दिल्या. काकांनी त्या प्रसादासारख्या घेतल्या.

"खोचली ना?" मला म्हणाले. "मग देऊ दे शिव्या. द्यायला ती आहे तरी."

आता तुमच्या मनात जे आलं तेच आमच्या मनात होतं. या माणसानं नक्की काहीतरी भयंकर पाहिलंय. शॉपमध्ये त्यावर पुराणं रचलेली होती. कुणी म्हणे जिवलग मित्राचा मफलर पट्ट्यात गेला, कुणी म्हणे सख्खा भाऊ. माझी स्वतःची आवृत्ती सगळ्यांत रक्तबंबाळ होती आणि ती सांगताना मी खरोखर रडत असे. एका दिवाळीत त्यांच्या घरी फराळाला गेलो असताना काका आत गेले, आणि मी काकूंना हळूच विचारलं, "काकू, काकांचं कोण गेलं हो असं?"

"कोण कुठे गेलं?"

"म्हणजे... यंत्रात."

काकू चकली मोडता मोडता थांबल्या. "अरे, कुणी नाही! कधीच काही झालेलं नाही. यांना नुसती भीती वाटते. आमच्या लग्नात शेल्याचं टोक होमाकडे चाललंय म्हणून हे भटजींवर ओरडले होते. तेव्हा तर यांना नोकरीही नव्हती." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "रात्री दचकून उठतात. तुमच्यापैकी कुणाचं तरी नाव घेतात आणि विचारतात, त्याची बाही खोचली होती ना? मी म्हणते, हो, मी स्वतः बघितली. मग झोपतात."

माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. जे घडलंच नाही ते हा माणूस रोज रात्री बघत होता.

मग दिवस पालटले. मालकांनी परदेशी कंपनीशी भागीदारी केली. बगीचा आला, काचेची केबिन आली आणि केबिनमध्ये एक तरुण साहेब आले, इतके गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडावी. त्यांनी फतवा काढला की फोरमनपासून वरच्या सगळ्यांनी टाय लावायचा. पाहुणे येतात, कारखान्याचा चेहरा दिसला पाहिजे.

काकांनी टायची पेटी उघडली आणि आत नागाचं पिल्लू असावं तसे मागे सरले. गळ्यात लोंबती वस्तू, तीही गाठ मारून, आणि तीही यंत्रांच्या मध्ये!

"काका, युनियनकडे जाऊ," मी म्हटलं.

"नको. नाही लावला तर मला शॉपमधून काढतील. मग या पोरांच्या बाह्यांकडे कोण बघेल?"

दुसऱ्या दिवशी काका टाय लावून आले. शॉपनं श्वास रोखला. ते थेट माझ्यापाशी आले. "ओढ."

"काका..."

"ओढ म्हणतो ना!"

मी ओढला, तर टाय अलगद माझ्या हातात. काकूंनी तो मानेमागे कापून कच्च्या टाक्यांनी जोडला होता. "चालेल," काका म्हणाले. पुढे रोज सकाळी आम्ही टाय ओढायचा आणि रोज संध्याकाळी काकूंनी टाचायचा, असा नियमच झाला.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एकदा साहेब पाहुण्यांना घेऊन माझ्या लेथपाशी आले. चक भिंगरीसारखा फिरत होता. काम किती सफाईचं होतंय ते दाखवायला साहेब वाकले, आणि त्यांचा लालभडक रेशमी टाय कोटातून सुटून पुढे आला. डुलायला लागला. थोडा पुढे, थोडा मागे. यंत्र बंद करायला हात न्यावा तर मध्ये साहेबांचं डोकं. आयुष्यभर मी इतक्या थापा मारल्या आहेत, पण त्या टायइतकं सावकाश हलताना मी दुसरं काही पाहिलं नाही, हे शपथेवर सांगतो.

मागून दोन बोटं आली.

"लोंबतंय."

करकन. अर्धा टाय लोखंडाच्या किसात पडला.

साहेब ताठ झाले. गळ्याशी उरलेलं बोटभर रेशीम चाचपलं. "आर यू मॅड? चकपासून वीतभर लांब होता तो!"

"हो साहेब, वीतभर होता," काका म्हणाले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, हातातली कात्री वाजत होती. "वीत संपल्यावर कापून उपयोग काय?"

पाहुणे हसले नाहीत. साहेबही हसले नाहीत.

तुम्हाला वाटेल फतवा मागे घेतला असेल. छे! टळलेल्या अपघाताला साक्षीदार कुठून आणायचा? आठवडाभरात काकांना गेटवर बसवलं. तिथे फिरणारं असं एकच, छताचा पंखा.

त्यानंतर मला लेथची भीती वाटायला लागली, पहिल्यांदाच. इतकी वर्षं ती भीती कुणीतरी आमच्या वाटची वाहत होता, आता ती ज्याची त्याला परत मिळाली होती. सगळे एकमेकांच्या बाह्यांकडे चोरून बघायचे, पण तो शब्द कुणी उच्चारेना. शेवटी शेजारच्या लेथवरचा गुजराती टर्नर, ज्याला काकांनी सगळ्यांत जास्त कापला होता, त्यानं माझी बाही चिमटीत धरली आणि तोंड वेडंवाकडं करत मराठीत म्हणाला, "लोंबतंय, भाई." मी मुकाट्यानं खोचली.

आणि काका? सुटताना ते गेटवर उभे असत. आम्ही दोन्ही हात वर करून, बोटं पसरून एकेक बाहेर पडायचो. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटे, पोलिसांनी चोरांची टोळी पकडलीय. काका प्रत्येकाची बोटं बघत आणि म्हणत, "जा." निवृत्त होईपर्यंत हा नियम चुकला नाही.

गेले तेही गुपचूप, दुपारच्या झोपेत. काकू म्हणाल्या, त्या दिवशी दचकले नाहीत.

कारेलीबागेतल्या त्यांच्या गल्लीत अख्खं शॉप जमलं होतं. काकांना शववाहिनीत ठेवलं, दार लावलं, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. आणि मला दिसलं की दाराच्या फटीतून पांढऱ्या कापडाचं टोक बाहेर आलंय, मागच्या चाकाच्या अंगाला हलतंय. थोडं पुढे, थोडं मागे.

"लोंबतंय!" मी ओरडलो.

तिथे उभ्या असलेल्या आमच्या एकूण एक माणसानं आधी स्वतःची बाही बघितली.

दार पुन्हा उघडलं. मी ते टोक आत खोचलं, दोन बोटांनी ओढून बघितलं. दार लागलं, गाडी निघाली. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण ती वळणाआड जाईपर्यंत आम्ही सगळे गल्लीत दोन्ही हात वर करून, बोटं पसरून उभे होतो.