कालमुरातच्या गोळ्या आणि ताकाचा वाडगा

कालमुरातचा राग सकाळी गाडीत बसतानाच सुरू व्हायचा. डोंगरातल्या तोक्तोगुल गावाहून राजधानी बिश्केकला जायचं म्हणजे चांगल्या दिवशी पाच तास आणि वाटेत दोन घाट. बावीस वर्षं भाड्याची गाडी भरून हा रस्ता त्यानं एका बैठकीत कापला होता. आता मात्र सीटवर टेकलं की बुडाखाली मधोमध निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. लघवीची घाई व्हायची, आणि उतरावं तर चार थेंब नि नुसती जळजळ. पहिला घाट लागेपर्यंत गाडी तीनदा थांबायची. मागची माणसं आधी गप्प बसायची, मग घड्याळाकडे बघायची, आणि पुढच्या खेपेला सरळ सातकिनच्या गाडीत जाऊन बसायची.

हा सातकिन गाडीतळावरचा दुसरा ड्रायव्हर, तोंडाचा भलता फटकळ. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय कालमुरात, घाटातला एखादा दगड कोरडा ठेवलास की नाही?" सगळे खो खो हसले. कालमुरातही हसला, आणि हसताना खिशात मूठ इतकी आवळली की किल्लीचे दात तळव्यात रुतले. लोकांना त्यानं मुतखडा म्हणून सांगितलं होतं. प्रोस्टेटला सूज आहे, जुनाट आहे, हे कोणत्या तोंडानं सांगणार? एवढं कळलं असतं तर तळावर त्याच्या मर्दानगीचा तेरावाच घातला असता.

दुखण्यापायी गाडी सुटली तर ती धाकट्या भावाच्या, तोलोगोनच्या हातात जाणार होती. तोलोगोन उतारावर गाणी लावायचा. कालमुरात कधीच लावत नसे. ब्रेक घासत आला की चाकातून बारीक, चिरका आवाज येतो. तो कालमुरातला इतरांच्या कितीतरी आधी ऐकू यायचा. त्याच्या कानाच्या भरवशावर म्हाताऱ्या बायका घाटात निवांत डुलक्या काढायच्या. ही जागा सोडायची नाही म्हणून तर तो बिश्केकला डॉक्टरकडे गेला.

खाजगी दवाखाना, चकचकीत फरशी, आणि डॉक्टर असा की मान वर करून बघेल तर शपथ. तपासणी झाली, अब्रूचं खोबरं झालं, आणि कागद आला. त्यात जंतूचं नाव होतं, आणि कोणत्या अँटिबायोटिकनं तो मरतो तेही स्पष्ट छापलेलं होतं. डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे, दिवसातून दोनदा, काहीतरी खाऊन घ्या, नाहीतर पोट बिघडेल. बस्स. काय खाता, काय पिता, एका शब्दानं विचारलं नाही. त्या मेल्यानं तेवढं विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कारण कालमुरात तरुणपणी दोन वर्षं धातूच्या कारखान्यात होता. विषारी कामावरच्या प्रत्येकाला तिथे रोज अर्धा लिटर दूध मिळायचं, सरकारी हुकमानं. पांढरं पोटात गेलं की विषाची धार मोडते, हे तेव्हा त्याच्या डोक्यात बसलं ते कायमचं. औषध कडक आहे म्हणताच त्यानं आपल्या अकलेनं बंदोबस्त केला. घरी गोळीबरोबर वाडगाभर घट्ट ताक. रस्त्यावर असला की गालात कुरुत, म्हणजे सुकवलेल्या दह्याचा खारट गोळा, आणि त्यावरच गोळी. गोळ्यांबरोबरचा माहितीचा कागद त्यानं न वाचता जाकिटाच्या खिशात कोंबला. गोळ्या घेतल्याही बिश्केकहूनच. गावातल्या औषधाच्या दुकानात त्याची सूनच कामाला होती ना.

ही जारकिन. नवरा नोवोसिबिर्स्कला बांधकामावर, आणि ही इथे सासू-सासऱ्यांजवळ. तिकडची सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्यासमोर आवाज चढवत नाही, त्याला पाठ दाखवून दाराबाहेर जात नाही. जारकिन तर इतकं हळू बोलायची की तिचं बोलणं चहाच्या वाफेबरोबर विरून जायचं. सगळ्या नातेवाइकांत तिचं कौतुक होतं. पण जाकीट धुवायला तीच घ्यायची, आणि रिकामं पाकीट बघून औषध ओळखणं हा तर तिचा रोजचा धंदा होता.

सहा आठवडे गेले, फरक शून्य. डॉक्टरनं त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. त्या चालू असतानाच मार्चमधला नवरोजचा सण आला. घरात पाहुणे होते, जमिनीवर अंथरलेलं दस्तरखान पदार्थांनी भरलं होतं. कालमुरातनं चोरून गोळी तोंडात टाकली आणि वाडग्याकडे हात नेला, तर जारकिननं वाडगा उचलून तिथे पाण्याचा पेला ठेवला. कालमुरातच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दूध-ताक म्हणजे तिकडे घराची बरकत, आणि भरल्या पंगतीत माणसापुढून ते पांढरं उचलायचं? त्यानं पेला भिरकावला. म्हणाला, "पांढरं हिसकावणारी सून आणलीय मी घरात. तुझी आई जिवंत असती तर तिला विचारलं असतं, हेच शिकवलंस का?" जारकिननं वाडगा परत ठेवला, मान खाली घालून उलट्या पावलांनी बाहेर गेली. कालमुरातनं सगळं ताक संपवलं.

एप्रिलमध्ये पुन्हा तपासणी झाली. जंतू जिथल्या तिथे. डॉक्टरनं कागद टेबलावर आपटला आणि म्हणाला, "तुम्ही गोळ्या चुकवता आणि दारू पिता." अकरा वर्षं जो थेंबाला शिवला नाही, ज्यानं पाच वेळचा नमाज चुकवला नाही, त्याला हे तोंडावर! कालमुरातला वाटलं, ह्याची खुर्ची उचलून ह्याच्याच डोक्यात घालावी. पण गाडी टिकवायची होती. त्यानं विचारलं, आता काय. डॉक्टर म्हणाला, जंतू निर्ढावलाय, आता चौदा इंजेक्शनं.

गावात टोचून घ्यायची सोय नव्हती, जारकिनच्या दुकानात बातमी गेली असती. म्हणून तो गावाजवळच्या धरणाच्या पलीकडे दुसऱ्या गावात एका निवृत्त नर्सबाईकडे रोज जायचा. सातव्या दिवशी कानात किडा वाजावा तसा आवाज सुरू झाला, तो थांबेना. डॉक्टरला फोन केला. थकवा आहे, कोर्स पुरा करा, असं उत्तर आलं. त्यानं चौदाच्या चौदा सुया घेतल्या. दुखणं आठवडाभर दबलं आणि पुन्हा उसळलं. कानातला किडा मात्र मुक्कामालाच राहिला. डॉक्टरनं तिसऱ्यांदा त्याच गोळ्या लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणातल्या बाजेवर बसला होता. बायको झूरा पलीकडे लोकर पिंजत होती, भिंतीपलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. त्यानं गोळी काढली, वाडगा ओढला. तेवढ्यात जारकिन दारात येऊन उभी राहिली. हातात घड्या पडून चिंध्या झालेला एक कागद होता आणि तिचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतेस?" कालमुरात खेकसला.

तिचे ओठ पुन्हा हलले.

"मोठ्यानं बोल. घशात काय अडकलंय?"

तिनं कागद तोंडासमोर धरला. सासऱ्याशी अशा दुखण्याबद्दल सून बोलू शकत नाही, पण छापलेलं वाचू शकते, असं काहीतरी तिनं मनाशी ठरवलं असावं. तिनं वाचायला सुरुवात केली, आवाज वाढवत नेला, आणि शेवटी अक्षरशः ओरडली. "प्रोस्टेटच्या जुनाट संसर्गात ही गोळी द्यावी. दूध, दही, ताक यांच्याबरोबर घेऊ नये. औषध पोटातच बांधलं जातं, रक्तात पोचत नाही. पाण्याबरोबर घ्यावी."

झूराच्या हातातली लोकर खाली पडली. भिंतीपलीकडची शेजारीण ओला सदरा हातात धरून तशीच उभी राहिली.

"माझ्या खिशाला हात लावायचं तुला कुणी सांगितलं?" तो गरजला. जारकिननं पुन्हा पहिल्यापासून तेच वाचलं. वाचून झाल्यावर कागद खाली घेतला आणि मग सासऱ्याला 'अता', म्हणजे बाबा, अशी हाक मारून स्वतःचं बोलली, तेही ओरडूनच.

"अता, नवरोजला मी म्हणूनच ताक उचललं होतं. सुयांचंही मला माहीत होतं, चिठ्ठी होती खिशात. त्या सुया कान खातात. दहाव्या दिवशी मी इथेच उभी राहून सांगितलं, सुया थांबवा. दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, हो, आण चहा."

कालमुरातला चहा आठवला. तिचं बोलणं काही केल्या आठवेना.

राग तर आभाळाएवढा, पण तो काढावा कुणावर? त्यानं तिथूनच डॉक्टरला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलला. पलीकडून उत्तर आलं, "कागदावर छापलेलं असतं. वाचता येत नाही का?" आणि फोन बंद. मग तो बायकोकडे वळला.

"तुला हे माहीत होतं?"

"होतं," झूरा म्हणाली. "तिनं मला हिवाळ्यातच सांगितलं. मीच म्हटलं गप्प बस. सासऱ्याच्या खालच्या दुखण्याबद्दल सून बोलते हे कळलं असतं तर तुम्ही तिला त्याच दिवशी माहेरी धाडलं असतं. खोटं बोलतेय का मी, सांगा."

धाडलंच असतं कालमुरातनं, आणि वर चार लोकांत सांगून मिशीवर ताव दिला असता.

पुढचे सहा आठवडे त्यानं गोळ्या नुसत्या पाण्याबरोबर घेतल्या, ताक आणि कुरुत पार तोडलं. सकाळ-संध्याकाळ जारकिन पेला आणून ठेवायची. तो तिच्याकडे बघायचा नाही. माफी मागायची रीत सासऱ्याला कुणी शिकवलेलीच नसते. तिसऱ्या आठवड्यात जळजळ कमी झाली, पाचव्यात तो न थांबता पहिला घाट चढला. तपासणीत जंतू निघाला नाही. एवढी मामुली गोष्ट, नुसतं पाणी! अर्धं वर्ष त्यानं अंगार सोसला, सातकिनचे टोमणे खाल्ले, ते कशासाठी? कानाच्या डॉक्टरलाही दाखवलं. ही बाई निदान तोंडाकडे बघून बोलली. म्हणाली, बारीक आवाज गेले ते गेले.

त्यानं मनाशी म्हटलं, गेले तर गेले. बूड दुखत नाही, हात धड आहेत, डोळे धड आहेत. जुलैत गाडी भरून तो बिश्केकहून निघाला. मोठ्या घाटाचा उतार लागला. मागच्या सीटवरच्या म्हातारीनं त्याच्या खांद्याला हात लावला, एकदा आणि मग जोरात.

"बाळा, केव्हाचं ते चाक रडतंय. तुला ऐकू येत नाही?"

त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. गाडी कडेला घेऊन तो उतरला, तर चाकाजवळ हात नेववेना इतकं तापलेलं, आणि जळका वास येत होता. आतली सहाही माणसं त्यानं न सांगताच खाली उतरली. सातकिनची गाडी मागून आली, थांबली. सातकिननं काही टोमणा मारला नाही. माणसं तेवढी आपल्या गाडीत दाटीवाटीनं बसवून घेतली.

दुसऱ्या दिवशी कालमुरातनं तोलोगोनला बोलावून किल्ली त्याच्यापुढे टाकली. म्हणाला, "उतारावर गाणी लावलीस तर तंगडं मोडीन." तोलोगोन किल्ली उचलून निघून गेला. कालमुरात बाजेवर बसून राहिला. जारकिननं सवयीनं पाण्याचा पेला आणून ठेवला, मान खाली घालून काहीतरी म्हणाली, आणि उलट्या पावलांनी जायला लागली.

"थांब," कालमुरात म्हणाला. "मान वर करून बोल, पोरी. मोठ्यानं बोल."