पालाप्यात शेंगदाण्याचा कूट

सकाळी फ्रिज उघडला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. पालाप्याची माझी बरणी काठोकाठ भरलेली. मी तर ती अर्धी ठेवली होती. झाकण काढलं, तर लसणाचा भपका आला. चमचा घालून ढवळलं, तर सगळीकडे शेंगदाण्याचा कूट.

"वन्सं, हे काय केलंत?"

आमच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, श्रीगोंद्याहून नगरला आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या ओट्याशी मेथी निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "अगं, ना लसून, ना कूट. कसला ग तुझा ठेचा? नीट केलाय मी. खाऊन बघ, लई झ्याक लागतोय."

नीट केलाय म्हणे! मुळात तो ठेचा नव्हताच. मी सौदीत नर्स होते तेव्हा माझ्या खोलीत फिलिपिन्सची एक नर्स राहायची. तिकडच्या मारानाओ लोकांतली, मोठ्या तळ्याकाठच्या गावातली. तिचं कुठलंही कालवण पालाप्याशिवाय व्हायचं नाही. पातीच्या कांद्यासारखा त्यांचा एक बारीक कांदा असतो. त्याचा पांढरा भाग, आलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारी मिरची खलात कुटायची, त्यात खवून भाजलेलं खोबरं घालायचं आणि तेलावर परतायचं, की झाला पालापा. तो कांदा इथल्या बाजारात कुठून मिळणार? मी पातीच्या कांद्याचे गड्डे आणि लवंगी मिरची वापरते. तेवढं तिनं चालवून घेतलंय.

आणि आमच्याकडे? काही कुटलेलं दिसलं की त्यात दाणे पडलेच पाहिजेत. काकडीत कूट, भेंडीत कूट, खिचडीत कूट. चव बघायच्या आधीच हात कुटाच्या डब्यात जातो. दुसऱ्याच्या बरणीत घालताना निदान विचारावं, एवढंही कुणाला सुचत नाही.

नवरा दाढी करता करता बाहेरून म्हणाला, "एवढं काय त्यात? तिखट ते तिखट." हा माणूस चहात साखर जरा कमी पडली तर कप परत पाठवतो.

त्या दिवशी ईद होती. मी सौदीहून कायमची परत आले तरी ती नर्स मैत्रीण आणि मी, आम्ही दोघींनी एक रिवाज सांभाळला आहे. तिच्या ईदला आणि माझ्या ख्रिसमसला दोघींनी एकच कोंबडी शिजवायची, हळद, ओलं खोबरं आणि पालापा घातलेली. मग मोबाईल समोर ठेवून एकत्र जेवायचं. ती अजून तिथंच आहे, त्याच खोलीत. यंदाही तिला रजा मिळालेली नव्हती. दुपारी तिचा फोन येणार होता आणि माझ्यापुढे लसणाची चटणी होती.

मी बरणी ओट्यावर आपटली. फुटली नाही, पण वन्संच्या हातातली मेथी खाली पडली.

"ही तुमच्या घरची चटणी नाही, वन्सं. माझे वडील गेले तेव्हा मला सुट्टी दिली नाही. माती झाली, प्रार्थना झाली, मी फोनवर नुसतं ऐकलं. दोन दिवस माझ्या पोटात अन्न नव्हतं. त्या बाईनं ड्युटीवरून येऊन भात केला, ही कोंबडी केली आणि मला हातानं भरवलं. तुम्हा सगळ्यांना मी सुट्टीवर आले की बॅगेत काय आणलंय ते बघायचं असायचं. ब्लँकेट कुणाला, अत्तर कुणाला, यावरून भांडायचात. मी तिथं जेवते का, काय जेवते, हे या घरात एकानं तरी विचारलं?"

बाहेर नळ बंद झाला. नवरा तोंडाला फेस तसाच ठेवून दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, हळू बोल, शेजारी ऐकतील. तो फेस धुवायला परत वळला, हे त्याच्या नशिबानं बरं झालं.

मी फ्रिजमधून पातीचा कांदा काढला, मिरच्या काढल्या, खलबत्ता जमिनीवर ठेवला. मिरचीचे देठसुद्धा धड निघत नव्हते. वन्सं मेथी गोळा करून उठल्या. त्या बाहेर जातील असं वाटलं, पण माझ्यासमोर फतकल मारून बसल्या. एकेक मिरची उचलून देठ काढू लागल्या.

मग म्हणाल्या, "मंग तू तिथं रोज खायचीस तरी काय गं?"

इतक्या वर्षांनी विचारलं. तेही माझी बरणी नासवल्यावर. माझा राग काही उतरला नव्हता, आणि डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं आहे असं मी त्यांना समजू दिलं.

"सांगते," म्हटलं. "आधी आलं सोला. आणि कुटाचा डबा फळीवर ठेवून या."