बिनबॉलची प्रॅक्टिस

"कुठं होतास?"

मॅच जिंकून या, हरून या, नाहीतर पाय मुरगाळून या, चाचांचा पहिला प्रश्न हाच. किती गोल झाले, कोणी केले, ही चौकशी फार नंतर, तीही उपचार म्हणून. माइकच्या बटणावरचा अंगठा उचलायचा, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि विचारायचं, "गोल झाला तवा तू कुठं होतास, मियाँ?"

ते सगळ्यांनाच मियाँ म्हणत. मला म्हणत, आमचा गोलकीपर बालाजी याला म्हणत, आणि एकदा तोंडाच्या सवयीनं डेपो मॅनेजरलाही म्हणाले होते.

कळंबच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे जाळीच्या खिडकीमागं बसलेला तो माणूस, ज्याला आपण सगळे "गाडी कधी येणार" असं विचारतो आणि त्यानं उत्तर दिलं की त्याच्यावरच चिडतो. आमच्या कॉलेजच्या मैदानाची आणि स्टँडची भिंत एकच होती. तिला एक भगदाड होतं. दुपारी ड्यूटी संपली की चाचा त्या भगदाडातून वाकून मैदानावर यायचे आणि आम्हाला फुटबॉल शिकवायचे.

त्यांनी बॉलला लाथ मारलेली आम्ही कधी बघितली नाही. बालाजीनं एकदा धीर करून विचारलं होतं, "चाचा, तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचा?"

"खुर्चीवर," चाचा म्हणाले.

खरी गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. लहानपणी ते हैदराबादला मामाकडं राहायला जात. तिथल्या एका भिंतीवर बसलं की फुटबॉलचं मैदान फुकटात दिसायचं, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्याच्या आड एक गोदाम होतं. बॉल गोदामाआड गेला की लोकांच्या आवाजावरून अंदाज करायचा, कोण पळालं असेल, कोण उभं राहिलं असेल, बॉल आता कुठनं बाहेर येईल. "अर्धी मॅच डोळ्यानं बघितली, अर्धी डोक्यानं," ते म्हणायचे. "डोक्यातली जास्त चांगली व्हायची."

कॉलेजला क्रीडाशिक्षक नव्हते असं नाही. होते. फुटबॉलविषयीचं त्यांचं सगळं ज्ञान "पळा" या एका शब्दात मावत असे. फार रंगात आले तर विस्तार करून सांगत, "पळा की रे."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी जिथं जागा मिळेल तिथं लिहितो, इथंही लिहिलं. पुढं बी.पी.एड.ला क्रीडा मानसशास्त्राचा आख्खा पेपर मी चांगल्या मार्कांनी काढला. अवधान, पूर्वानुमान, आत्मनियंत्रण असे भारदस्त शब्द त्यात होते, आणि ते शिकवणारे प्राध्यापक घाम पुसत पुसत फळाभर बाण काढत. परीक्षेत मी चाचांचंच लिहून आलो. फक्त मियाँ तेवढं गाळलं.

तुमच्या गावच्या स्टँडवरही तुम्ही हे बघितलं असेल. गाडी आत वळली की अर्धं पब्लिक तिच्या बाजूनं पळत सुटतं. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जमलं तर लेकरू, असं आत टाकून जागा धरतं. आणि एखादी म्हातारी मात्र बोचकं घेऊन एकाच ठिकाणी उभी असते. गाडी थांबते आणि दार बरोबर तिच्या नाकासमोर उघडतं. चाचांनी आम्हा अकरा जणांना एक दिवस फलाटावर उभं करून हे दाखवलं. सरांचा आदेश नसताना केलेली ही आमची पहिली शैक्षणिक सहल.

"गाडी कुठंय ते सगळ्यांलाच दिसतंय," चाचा म्हणाले. "त्यात काय अक्कल? ती कुठं थांबणार ते म्हातारीला दिसतंय. तुम्ही समदे गाडीमागं पळणारे. मला एक म्हातारी पाहिजे."

ती म्हातारी मी झालो. मी टीमचा कॅप्टन होतो आणि पळण्यात सगळ्यांत मागं. कॅप्टन कसा झालो हे विचारू नका, नावनोंदणीच्या दिवशी माझ्याकडं पेन होतं. चाचांनी मला स्टॉपर केलं. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढं मधोमध उभा असणारा. बॉल यायच्या आधी मान फिरवून मागं बघायचं, आपली जागा आधीच धरायची. याला ते "रुमाल टाकणं" म्हणत. "पाय उशिरा पोचत्यात ना तुझे? मग डोकं आधी पाठवून दे."

एकदा आमचा बॉल बाभळीच्या काट्यावर बसून फुटला. नव्या बॉलसाठीचा अर्ज ऑफिसात गेला. माझ्या माहितीप्रमाणं तो अजून विचाराधीन आहे. आम्ही हात हलवत उभे असलेले बघून चाचा म्हणाले, "बॉल न्हाय? लई बरं झालं."

आणि त्यांनी बिनबॉलची प्रॅक्टिस सुरू केली. ते मैदानाच्या मधे उभे राहून गाड्या पुकारायच्या सुरात पुकारायचे, "बॉल उजवीकडच्या फॉरवर्डकडं निघालेला आहे. बॉल हाफकडं परत. बॉल चुकला, त्यांच्याकडं गेला." आणि नसलेल्या बॉलप्रमाणं आम्ही अकरा जण इकडून तिकडं सरकायचो. भगदाडापाशी प्रवाशांची गर्दी जमायची.

"भरती चालू हाय का ओ?" एकानं विचारलं.

"न्हाय, बॉल हरवलाय," दुसरा म्हणाला. "हुडकायलेत."

एकदा तर ड्यूटीवर असताना खिडकीतून चाचांना आमचा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला गडी, चुकीच्या जागी दिसला. त्यांनी सरळ माइकवरून पुकारलं, "उभे असलेले इसम, आपल्या जागेवर परत या." फलाटावरचे दोन प्रवासी घाबरून परत बाकड्यावर जाऊन बसले. चाचांना मेमो मिळाला. त्यांनी तो काचेखाली नीट लावून ठेवला.

दोन महिन्यांनी धाराशिवला आमची पहिली मॅच झाली. आमच्या जागा इतक्या बिनचूक की पंचानं कौतुकानं बघावं. एकदा बॉल आमच्या गोलपुढं येऊन थांबला. आम्ही चौघं चार बाजूंनी आपापल्या जागेवर, तंतोतंत. कोणीच हललं नाही. बॉल बिचारा मधे पडून राहिला. शेवटी समोरचा फॉरवर्ड सावकाश चालत आला, आमच्याकडं एकदा बघून घेतलं आणि त्यानं गोल केला.

संध्याकाळी चाचांनी प्रत्येकाला विचारलं, कुठं होतास. प्रत्येकानं सांगितलं. त्यांनी बोटांवर जागा मोजल्या.

"जागा तर समद्या बरोबर हायेत," ते म्हणाले. "मग बॉल कोण मारणार होतं?"

"ते तुम्ही सांगितलं न्हवतं, चाचा," बालाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते कुठूनतरी एक जुना बॉल घेऊन आले.

चाचांनी आमची एकही मॅच बघितली नाही. मॅचेस धाराशिवला आणि मॅचच्या दिवशी त्यांची ड्यूटी कळंबला. आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो, स्टँडवरच्या चहाच्या टपरीपुढं बाकड्यावर बसायचो आणि मॅच सांगायचो. ते ऐकायचे, आणि थापा लगेच पकडायचे. "तू तिथं असशील तर ह्याला पास द्यायची गरजच न्हवती. खरं सांग." खोटं बोलायला आम्ही कमी नव्हतो. पण खोटं बोलायचं तर बावीस माणसं आणि एक बॉल डोक्यात जुळवावा लागे, आणि एवढं डोकं टीममध्ये कोणालाच नव्हतं.

शेवटच्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. आमच्या सरांनाही याचं आश्चर्य वाटलं. विद्यापीठाच्या निवडीसाठी आमच्या कॉलेजातून दोनच नावं जाणार होती. सरांच्या वहीत बालाजीचं आणि माझं लिहिलेलं होतं. माझं ठीक आहे, मला मिरवायचं होतं. बालाजीला गरज होती. घरातून त्याला एवढंच एक वर्ष दिलेलं होतं. संघात घेतलं तर प्रमाणपत्र, प्रमाणपत्र असलं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज. नसता चुलत्याबरोबर ट्रकवर जायचं ठरलेलं.

शेवटची पाच मिनिटं. गोल कुणाचाच नाही. मंडपात निवड समिती खुर्च्यांवर बसलेली, आणि मला अचानक वाटलं, ह्या लोकांना म्हातारी काय दिसणार. बॉल पार मधल्या रेषेवर होता. मी माझी जागा सोडली आणि बॉलमागं पळालो. गाडीमागं पळतात तसा. पोचलो नाही, हे सांगायला नकोच. बॉल माझ्या मागं गेला, त्यांचा फॉरवर्ड एकटा सुटला, बालाजी पुढं आला आणि बॉल त्याच्या दोन पायांमधून आत गेला.

पायांमधून गेलेला गोल सगळ्यांना दिसतो. रिकामी जागा कोणाला दिसत नाही.

परतीच्या गाडीत कळंब येईपर्यंत पोरं बालाजीला सोलत होती. "दार लावायचं राहिलं का रं?" "कंडक्टर, ह्याच्या पायातनं जायला तिकीट किती?" बालाजी खिडकीबाहेर बघत होता. मी कुठं होतो हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्यासमोरूनच मी पळालो होतो. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही, कॅप्टन असून. सरांनी वही काढली आणि म्हणाले, "बालाजीचं नाव काढावं लागतंय. सकाळी यादी पाठवतो."

स्टँडवर चाचा ड्यूटी संपवून वाट बघत बसलेले. कुठं होतास, हे त्यांनी मला विचारलं.

"जागेवर," मी म्हणालो.

चाचांनी टपरीवरचे रिकामे ग्लास मागितले आणि बाकड्यावर टीम मांडली. ग्लास संपले तेव्हा बशा घेतल्या. उपडी वाटी म्हणजे बालाजी. माझ्यासाठी काडेपेटी. बॉल म्हणून एक शेंगदाणा.

"बॉल हितनं निघाला?"

"व्हय."

"तू हितं?"

"व्हय, चाचा."

त्यांनी शेंगदाण्याला टिचकी मारली. तो घरंगळत आला आणि काडेपेटीला अडून थांबला. पोरं हसली. चाचांनी शेंगदाणा उचलून परत जागेवर ठेवला आणि टिचकी मारली. परत अडला. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

"शेंगदाणा जाईना की," चाचा म्हणाले.

सर भजी खात होते, ते थांबले. बालाजीच्या गावची गाडी फलाटाला लागत होती. तो पिशवी उचलून उठला. चाचांनी त्याच्याकडं न बघता त्याची बाही धरली. "गाडी उभी हाय. बस." मग मला, अगदी पहिल्याच आवाजात, "कुठं होतास, मियाँ?"

फार वेळ लागला असं मला आठवतं. बाकीचे म्हणतात, लगेच बोललास.

"पुढं पळालो होतो," मी म्हणालो.

चाचांनी काडेपेटी उचलून पार बाकड्याच्या टोकाला ठेवली. टिचकी मारली. शेंगदाणा ग्लासांमधून सरळ गेला आणि वाटीच्या पलीकडं खाली पडला. "आता गेला," ते म्हणाले आणि खिडकीकडं चालू लागले. ड्यूटीवरच्या माणसाला बाजूला सारून बालाजीच्या गावची गाडी त्यांनी स्वतः माइकवर पुकारली.

सरांनी वहीतलं नाव खोडलं. माझं.

मी चाचांवर दोन-तीन महिने रागावून होतो. पदवीधर होणाऱ्या माणसाला शेंगदाण्यानं उघडं पाडायचं म्हणजे काय. स्टँडवर मी मागच्या गेटनं जायचो. एक दिवस माइकवरून आवाज आला, "मागच्या गेटनं येणारे इसम, चहा गार होत आहे." मग गेलो.

बालाजी पोलिसात लागला. मी शिक्षक झालो, सास्तूरकडच्या एका शाळेत. पोरांना बिनबॉलची प्रॅक्टिस देतो. मुख्याध्यापकांना वाटतं मी कामचुकार आहे, नव्या बॉलचा अर्जसुद्धा करत नाही. चाचा निवृत्त झाले. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. "कुठं हायेस?" मी सांगायचो, "स्पर्धा चालू हायेत चाचा, संपल्या की येतोच." स्पर्धा कधी संपत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

मागच्या वर्षी बालाजीचा फोन आला तेव्हा माझ्या पोरांची सेमीफायनल चालू होती. "चाचा गेले. असरच्या नमाजनंतर, पाचच्या सुमारास नेणारेत. निघ." हाफटाइमला मी घड्याळ बघितलं. आम्ही एका गोलनं पुढं होतो. दुसरा हाफ बघून निघालो तरी पोचू, असा मी हिशोब केला. पूर्वानुमान हा माझा अभ्यासाचा विषय होता.

कळंबच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळं उरकलं होतं. स्पीकरवर आता रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज आहे, गोड आहे, कोणालाही मियाँ म्हणत नाही. टपरीपुढच्या बाकड्यावर बालाजी एकटा बसला होता, साध्या कपड्यात, बुटांना कबरस्तानाची माती. बाकीची पोरं येऊन माती देऊन गेली होती.

त्यानं वर बघितलं.

"कुठं होतास?"

गाडी लेट होती, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. चांगलं वाक्य आहे ते, स्टँडवर कुणालाही पटतं. पण समोर तेच बाकडं होतं.

"पुढं पळालो होतो," मी म्हणालो.

 बालाजीच्या शेजारच्या जागेवर एक रुमाल पसरलेला होता, बराच वेळ टाकून ठेवलेला असावा, वर धूळ बसली होती. त्यानं तो उचलला, झटकला, आणि थोडा सरकून बसला.