खाली पाइप जाईल

घाण पाणी कुठंही साचलेलं असो, मामा आधी पिशवीतून लोणच्याची रिकामी बरणी काढायचे. वाकून ती भरून घ्यायचे, झाकण लावून दोनदा हलवायचे आणि पायरीवर ठेवून तिच्यासमोर उकिडवे बसायचे. भोवतीची माणसं घायकुतीला आलेली असायची. कुणाची गाडी तळघरात बुडालेली, कुणाच्या टाकीत उंदीर मेलेला. मामा मात्र बरणीतला गाळ खाली बसेपर्यंत जागचे हलत नसत. मग बरणीला बोटं लावून मोजायचे आणि म्हणायचे, "तीन बोटं गाळ हाय सायेब. साध्या पंपाचं काम न्हाई ह्ये."

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. त्याच्या सावकाशपणाची सगळ्यांना चीड येते आणि तो नसला की तेच काम तीनदा करावं लागतं.

सांगलीत साफसफाईची कंत्राटं घेणाऱ्या एका फर्ममध्ये मी खरेदी बघतो आणि पत्रं टाइप करतो. मामा आमचे पंपावरचे. वडूजच्या पलीकडच्या एका वाडीतले, मेंढरं राखणाऱ्या घरात वाढलेले, पुढं फौजेत जाऊन इंजिनं शिकलेले. ज्या गावात हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालायचं, तिथला माणूस आमच्याकडं पाणी उपसून फेकायच्या कामावर होता. याचं त्यांना स्वतःलाच हसू यायचं. म्हणूनच की काय, प्रत्येक ठिकाणी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काढल्यालं पाणी जाणार कुठं?" पाणी काढायची घाई सगळ्यांना असायची, पण ते शेजाऱ्याच्या दारात जाईल हे कुणाच्या डोक्यातच नसायचं. एकदा विश्रामबागेतल्या एका टाकीचं पाणी त्यांनी पाइपाला पाइप जोडून कोपऱ्यावरच्या वाळत चाललेल्या कडुनिंबाला नेऊन सोडलं. त्यात अर्धा तास गेला म्हणून आमच्या सुपरवायझरनं त्यांना झापलं. मामा त्याला म्हणाले, "आरं, प्यालं की झाड. शिव्या का देतोस?"

दुकानात पंप घ्यायला त्यांच्याबरोबर जाणं ही एक करमणूकच होती. दुकानदार हॉर्सपॉवर सांगायला लागला की मामा हात वर करायचे. "घोडं किती हायती ते नगं सांगू. तोंड केवढं हाय ते दाव." मग खिशातून एक अख्खी सुपारी काढून ती पंपाच्या तोंडातून आत सोडायचे. सुपारी दुसऱ्या बाजूनं बाहेर आली तर पंप गाळाचा, नाहीतर नुसता स्वच्छ पाण्याचा. पाइपावर ते दोन्ही पायांनी उभे राहायचे. दबला तर तो पाणी ओढायच्या बाजूला चालत नाही, पुढं सोडायला चालतो. इतकं साधं गणित, पण ते दुकानदारालाही दर वेळी नव्यानं सांगावं लागायचं.

आणि आमच्या भागात सांगायचं तरी कुणाला? ज्याचा नदीकाठी दोन एकर ऊस आहे, तो प्रत्येक जण स्वतःला मोटारीतला इंजिनिअर समजतो. मला या लोकांचा अजून संताप येतो. एका पावसाळ्यात नदीचं पाणी गटारांतून उलटं येऊन विश्रामबागेतल्या एका अपार्टमेंटच्या तळघरात शिरलं. आम्ही पोचलो तेव्हा तिथल्या चेअरमनसाहेबांनी शेतातली मोटार आणि लपेटा पाइप आणून कामाला सुरुवातही केली होती. उसाला पाणी सोडायचा तो चपटा, कापडासारखा पाइप त्यांनी चक्क ओढायच्या बाजूला लावला होता. मोटार चालू झाली, पाइपानं आतल्या आत पोट खपाटीला नेलं आणि पाणी जागच्या जागी राहिलं. साहेब म्हणाले, "मोटारच खराब दिसतेय." मामांनी बरणी काढली.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं. पुढचं नाही.

आमचा पेट्रोलवरचा गाळाचा पंप रॅम्पच्या तोंडाशी, उघड्यावर लावला. पण पाणी ओढायचा तारेचा जाड पाइप निघाला वीसच फुटी. मामांनी महिन्याभरापूर्वी चाळीस फूट मागितला होता. ते मागणीपत्र मीच टाइप केलं होतं आणि मालकांनी चाळीसवर काट मारून वीस केले, तेही मीच मुकाट्यानं बघितलं होतं. दहा-पंधरा मिनिटांत पाणी खाली सरकलं आणि पाइप कोरडा पडला. सुपरवायझरनं मालकांना फोन लावला. मालक घरात बसून म्हणाले, "मग पंप खाली न्या. त्यात विचारायचं काय?"

दोन कामगार इंजिन उचलायला वाकले. मामा मध्ये आले.

"खाली पाइप जाईल. इंजिन जाणार न्हाई, आन माणूस तर न्हाईच न्हाई."

"आवं मामा, अर्ध्या तासाचं काम हाय," सुपरवायझर म्हणाला.

"कोंडल्या जागंत इंजिनाचा धूर पाच मिन्टांत माणूस झोपवतो. खोकला येत न्हाई, कळत बी न्हाई. नुसतं डोकं जड हुतं, आन मग बसल्या जागी संपलं."

चेअरमनसाहेब वैतागून म्हणाले, "आमच्या गाड्या सडतायत आणि तुम्ही भाषण काय देताय?" लक्षात घ्या, दोन माणसांच्या जिवाची गोष्ट चालली होती आणि समोरून उत्तर आलं ते गाड्यांचं. मीही तिथंच उभा होतो. तोंडातून शब्द काढला नाही.

मामांनी इंजिन बंद केलं, कमरेचा पाना काढून प्लग सोडवला आणि तो मुठीत धरून रॅम्पवर आडवे बसले. प्लगशिवाय इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. "चाळीस फूट पाइप आणा, मग प्लग देतो." सुपरवायझरनं शिव्या दिल्या, चेअरमननी पोलिसांचं नाव काढलं. मामांनी मूठ उघडली नाही. कपाळावर घाम होता, जबडा आवळलेला होता. एवढा राग मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. शेवटी मिरजेच्या एका दुकानातून भाड्यानं पाइप आला. दिवस मावळायच्या आत तळघर कोरडं झालं आणि दोन्ही कामगार आपल्या पायांनी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मामांना कामावरून काढलं. पत्र मी टाइप केलं. "कामात हेतुपुरस्सर अडथळा आणला," हे शब्द मालकांचे, पण बोटं माझी. मामा सामान जमा करायला आले. पाना टेबलावर ठेवला आणि पान्याशेजारी प्लगही ठेवला, कारण आदल्या दिवशी सुपरवायझरनं भाड्याच्या पाइपाबरोबर नवा प्लगही मागवून तोच इंजिनाला बसवला होता. उजवा हात त्यांनी खिशातून बाहेर काढलाच नाही. सामान परत दिल्याच्या कागदावर सही डाव्या हातानं केली, वेडीवाकडी, रेघेबाहेर गेलेली. मला वाटलं, मुद्दाम करतायत. मी चिडून म्हणालो, "मामा, नीट सही करा की."

"चालतंय सायेब. माझीच हाय म्हंजे झालं." दारात थांबून ते इतकंच म्हणाले, "पाइप तेवढा पुरा घेत जावा."

ते वाडीला गेले. मागच्या वर्षी आजारपणात वारल्याचं कळलं. मी गेलो नाही. जायला तोंड नव्हतं, हे खरं कारण. आमच्या ऑफिसात आता "सुरक्षितता प्रथम" असा मोठा फलक लागलाय, त्यावर हेल्मेट घातलेल्या हसऱ्या माणसाचं चित्र आहे. पाइप अजून वीस फुटीच आहे.

गेल्या महिन्यात साताऱ्याला एका इमारतीचं तळघर उपसायचं काम निघालं. कागदांवर सह्या घ्यायला मी तिथं गेलो, तर इंजिन रॅम्पच्या तोंडाशी धडधडत होतं, पाइप कोरडा पडला होता आणि दोन माणसं इंजिन उचलायला वाकली होती. तेच सगळं, फक्त मध्ये येणारा माणूस नव्हता. सुपरवायझर मला म्हणाला, "मालकांना विचारलंय."

मला काय झालं ठाऊक नाही. मी इंजिन बंद केलं, हत्यारांच्या पेटीतून पाना उचलला, प्लग सोडवला आणि मुठीत घेतला. दुसऱ्या क्षणी किंचाळून फेकून दिला. चालत्या इंजिनाचा प्लग केवढा तापलेला असतो, ते मला तेव्हा कळलं. तळहाताची कातडी प्लगला चिकटून आली. एक क्षणही मला तो धरवला नव्हता.

मामांनी मूठ उघडली नव्हती.

इंजिन खाली गेलं नाही, एवढं सांगतो. माझ्या नावाचं पत्र अजून निघालेलं नाही. टाइप करणारा दुसरा कुणी ऑफिसात नाही, म्हणून असेल. हाताला पट्टी बांधून परत आलो आणि जुनी फाइल काढली. मामांची ती डाव्या हाताची सही तिथं आहे, रेघ सोडून खाली घसरलेली. तिच्यावर मी टाइप केलेली ओळ आहे: "पाना एक, प्लग एक. सर्व काही सुस्थितीत परत मिळाले."