रेणुकाच्या पिशवीतलं दोन किलोचं वजन

दोस्तांनो, आज कॉलेजात आमची लई फजिती झाली. पण लाज वेगळ्याच गोष्टीची वाटून राहिली.

आम्ही चौघांनी कॅमेरा रुळावर आपोआप सरकवणारी मोटरची गाडी बनवली. चाचणी दर वेळी कॅमेऱ्याच्या जागी माझा मोबाइल ठेवूनच केली.

आमच्यातली रेणुका मुखेडहून रोज एसटीनं येते. तिचे वडील बाजारात कांदे विकतात. महिन्याखाली तिनं त्यांचं दोन किलोचं जुनं लोखंडी वजन आणलं. म्हणली, "खरा कॅमेरा जड असतोय. हे ठेवून बघू."

मी म्हणलो, "आपल्याला काय कांदे तोलायचेत?" सगळे हसले. तिनं वजन गुपचूप पिशवीत टाकलं.

आज प्रोजेक्ट तपासताना सरांनी गाडीवर स्वतःचा कॅमेरा ठेवला. मोटर नुसती घुरघुरली, गाडी जागची हलली न्हाई. "वजन ठेवून बघितलं नव्हतं का?" सरांनी विचारलं. मी खाली मान घातली.

बाहेर आल्यावर तिनं बसचा पास काढायला पिशवी उघडली. वजन आतच होतं.

"अजून घेऊन फिरतीस?" मी विचारलं.

"हाव. वाटायचं, एखाद्या दिवशी तुम्हीच म्हणाल, ठेव."

तिची बस गेली. माफी मागायचं माझ्याच्यानं झालं न्हाई. उद्या कोणत्या तोंडानं मागू, सांगा.